आक्कांचे पट्टे

फाट्यावरच्या शाळेसमोरचा गतिरोधक गावाने स्वतःच खडी-सिमेंट ओतून केलाय, त्यामुळे तो म्हशीच्या पाठीसारखा दिसतो. आज सकाळी टपरीवाल्या आक्का त्यावर चुन्याचे पट्टे ओढत होत्या. पाऊस ते पुसतो, आक्का पुन्हा ओढतात.

या चुन्याचं मूळ मीच. एकदा ऐंशीच्या वेगात आलो, गाडी उडाली आणि मागच्या सीटवरच्या डब्यातली आमटी माझ्या मानेवर उतरली. मी तावातावाने टपरीवर गेलो.

"हे धूड दिसतं तरी का कुणाला?"

माझ्या कॉलरवरची शेवग्याची शेंग बघत आक्का म्हणाल्या, "उद्या चुना लावते, बाबा. पण कडेच्या पोरी तरी दिसल्या का तुला?"

शाळा सुटली होती. सात-आठ मुली दप्तरं छातीशी धरून उभ्या होत्या. मला खरंच दिसल्या नव्हत्या. रस्ता गुळगुळीत झाला की नजर थेट पुढच्या गावात जाऊन बसते.

तेव्हापासून इथे माझी गाडी तिशीच्या वर जात नाही. आज मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून शेवटी डोकं बाहेर काढलं. "काका, बैलगाडी घ्या की."

मी इंजिन बंद केलं आणि आक्कांचा शेवटचा पट्टा वाळेपर्यंत तिथेच बसून राहिलो.