तळवा बघणारी शेजारीण

डॉक्टरांनी चिमट्यानं माझ्या डाव्या पायातून टाचणी उपसली आणि विचारलं, "अज्जी, ही कधी टोचली?"

"कुठली टाचणी?" मी म्हटलं.

तिथंच निदान झालं. डायबेटिक न्यूरोपथी. म्हणजे जुन्या मधुमेहानं पायांच्या नसा बधिर होतात. टोचलेलं, भाजलेलं काही कळत नाही. करंगळीत पू झाला होता. एक्स-रे झाला, मग एमआरआय. पू हाडापर्यंत पोचला होता. "करंगळी काढावी लागेल. पाय वाचवायचा प्रयत्न करू."

आम्ही शिंपी, पिढ्यान् पिढ्या मैसूरचे. आमच्या बोगादीच्या घरात जमिनीवर चिंध्या नि टाचण्या पडलेल्याच असतात. त्यावरून मी अनवाणी चालायची आणि "माझे तळवे म्हणजे चामडं" अशी ऐट मिरवायची. काही वर्षं तळव्यांना मुंग्या येत होत्या. शिलाई मशीनचं पायडल मारून येतात, असं मीच ठरवलं. मोठी शहाणी! तुमच्याही येत असतील तर आजच साखर तपासा, माझ्यासारखी डॉक्टरकी करू नका.

करंगळी गेली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे डावा पाय टेकवायचा नाही. सुम्ने कूतकोळी." नुसतं बसा, काही करू नका. हे कुणाला? जिनं बाळंतिणीच्या खाटेवर ब्लाउजांना काजं केली, तिला! वर रोज दोन्ही तळवे बघायचे. लाली दिसली, सूज दिसली, पाणी आलं, तर लगेच यायचं.

तळवा बघायला आरसा दिला होता. माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना त्यात नुसतं धुकं दिसे. सून पहाटेच हूटगळ्ळीच्या कारखान्याची बस पकडते, मग बघणार कोण?

आठव्या दिवशी मी व्हरांड्यात पाय उंच ठेवून बसले होते. भिंतीपलीकडून आवाज आला, "एनम्मा, काय हो बाई, आरशात कुणाला शोधताय?"

ती सरोजम्मा. आमचं भांडण तीस वर्षांचं. तिच्या दारातल्या होंगेची, म्हणजे आपल्या करंजाची, पानं माझ्या वाळत घातलेल्या कापडावर पडायची. चाळिशीत मी ते झाड तोडावं म्हणून गल्लीभर सह्या गोळा केल्या. तोडायला माणसं आली तेव्हा ही खोडाशी खुर्ची टाकून दिवसभर भाजी निवडत बसली. माणसं कंटाळून गेली. त्यानंतर आम्ही बोललो ते फक्त पानांवरून.

"तळवा दिसत नाही," मी म्हटलं.

ती फाटकातून आली, चष्मा पुसला आणि माझा पाय सरळ मांडीवर घेतला. मी संकोचानं ओढला.

"ओढू नका. मी रोज झाडाची कीड बघते. तुमचा पाय काय मोठा लागून गेला?"

मग ती रोज सातला यायची. तिचं बघणं बघण्यासारखं. टाचेपासून सुरुवात, मग बोटांच्या बेचक्या. मधे एक शब्द नाही. मला तेवढा वेळ काही काम नसे, म्हणून मी करंज बघू लागले. पानं गळाली आणि आठवड्यात सगळं झाड कोवळं पोपटी झालं. शिंजिराचं, त्या चिमुकल्या पाखराचं, घरटं तिनंच दाखवलं. "नुसतं बघा. बघताना सांजच्या आमटीचा विचार नको," म्हणाली. माझी चोरी तिनं नेमकी पकडली होती!

तिसऱ्या आठवड्यात तिचं बोट घोट्याशी थांबलं. "इल्ली केंपागिदे. लाल आहे. काल नव्हतं."

"उजेड तसा असेल."

"भांडण उद्या करू. आता रिक्षा."

डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस आणखी गेले असते तर पाय ठेवता आला नसता." दहा दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारं औषध, घेतलं. पाय राहिला. त्या बाईच्या डोळ्यांनी राहिला.

फिजिओथेरपिस्टनं, म्हणजे व्यायाम शिकवणाऱ्या पोरीनं, मला पुन्हा चालायला शिकवलं. तळव्याला कळत नाही, म्हणून आधी बघायचं, मग टेकवायचं, मग भार द्यायचा. अनवाणी कधीच नाही. "देवळातही नाही," डॉक्टर म्हणाले. "मऊ बूट हवा, आणि आत एकही शिवण नको, घासेल." विठ्ठलाच्या दारात मी बूट घालून जाणार? तेव्हा मात्र मी रडले.

आमच्या भजनी मंडळातल्या नारायणमास्तरांनी, तेही शिंपीच, फेल्टच्या म्हणजे जाड लोकरी कापडाच्या बुटांचा जोड शिवला, फक्त देवळात घालायचा. "जन्मभर शिवण आत लपवली, अक्का. तुझ्यासाठी बाहेर काढली."

एकादशीला तो घालून प्रदक्षिणेला निघाले, सरोजम्माच्या हाताला धरून. पूर्वी मी तीन फेऱ्या मारून प्रसादाच्या रांगेत पहिली असायची. आता अर्ध्या फेरीत ध्यानात आलं, कुणी मला ओलांडूनच जात नाहीय. वळून बघितलं. टाळ-मृदंगासकट सगळं मंडळ माझ्या मुंगीच्या चालीनं मागून येत होतं.

"मागं काय बघताय? पायाकडे बघा!" सरोजम्मा खेकसली.