ओवीचं बोरन्हाण

नाव : वैदेही देवदत्त साठ्ये. राहणार : अंबरनाथ पश्चिम. शिक्षण : सूक्ष्मजीवशास्त्रातली पदवी. अपत्ये : एक, कु. ओवी, वय नऊ महिने. लसीकरणाविषयी जाणीव : उत्तम. स्वीकार : पूर्ण. विरोध : निरंक.

सदर महिला लग्नानंतर महिला मंडळातर्फे बारवी धरणाकडच्या आदिवासी पाड्यांवर जाऊन आयांना लसीचं महत्त्व सांगत असे. ‘‘टोचल्याव पोर रातभर रडतं, मंग सकाली कामाव कोन जाल?’’ असं चंद्री नावाच्या बाईने विचारलं, तेव्हा वैदेहीने तिला तापाचे फायदे इतके सविस्तर सांगितले की चंद्री कंटाळून रांगेत जाऊन उभी राहिली.

ओवीची गोवराची लस नेमकी संक्रांतीच्या आठवड्यात आली. रविवारी तिचं बोरन्हाण.

‘‘पुढच्या आठवड्यात देऊ,’’ वैदेही म्हणाली.

‘‘आत्ताच टोचून घे गं,’’ सासूबाई कुमुदिनीताई म्हणाल्या.

‘‘आई, चिडचिड करणाऱ्या मुलीच्या अंगावर हलव्याचे दागिने टिकतील का? फोटोग्राफर सांगून ठेवलाय.’’

‘‘मग त्यालाच टोच.’’

देवदत्त हसला आणि ऑफिसला गेला. लस पुढे गेली.

बोरन्हाण झकास झालं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट. ओवी राणीसारखी बसली. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतल्या आणि सोसायटीतली पोरं लुटायला तुटून पडली. खालच्या मजल्यावरच्या किर्तीचा मुलगा प्रेम सगळ्यांत पुढे, नाक पुसत, शिंकत. फोटो सुरेख आले.

गुरुवारी वैदेही त्यातले अल्बमसाठी निवडत होती, तेव्हा किर्तीचा फोन आला.

‘‘अगं, प्रेमला पुरळ उठलंय. गोवर म्हणतात डॉक्टर. ओवीला दिलीय ना लस?’’

‘‘हो... म्हणजे देणारच होतो.’’

ती तशीच, घरातल्या चपलांवर, ओवीला घेऊन रिक्षात बसली. डॉक्टरांनी लस टोचली. ‘‘लागण झाल्यावर तीन दिवसांच्या आत दिली असती तर भरवसा होता. आता वाट बघायची.’’

वाट बघणं वैदेहीला जमेना. पुरळ कानामागून सुरू होतं म्हणून ती ओवीचे कान उलटेपालटे करी. खिडकीपाशी नेऊन बघे, मग दिव्याखाली. थर्मामीटर ओवीला, मग स्वतःला, तो बिघडलेला नाही ना म्हणून. किर्तीला फोन लावी आणि उचलायच्या आत कापी. दूध उतू गेलं, कुकरच्या शिट्या मोजायच्या राहिल्या. कुमुदिनीताई फक्त ओटा पुसत राहिल्या, ते तर सहनच होईना.

‘‘बोला ना आई काहीतरी! चुकलंय माझं.’’

‘‘काय बोलू? घटकाभर आडवी हो. मी बघते कान.’’

पुढच्या बुधवारी ओवीचं अंग तापलं, डोळे लाल झाले. लसीनेही ताप येतो, असं वैदेहीने डॉक्टरांना दारातूनच सांगितलं. त्यांनी मान डोलावली, ओवीच्या तोंडात बॅटरी मारली, गालांच्या आत गोवराचे पांढरे ठिपके आहेत का ते नीट पाहिलं.

ओवीला गोवर झाला होता.