झोपलेल्या माणसाचं तोंड

झोपलेल्या माणसाच्या तोंडाला रंग लावू नये, हे मला माहीत नव्हतं असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. माहीत होतं. मुधोळला माहेरी आत्यानं त्यावरून मला एकदा धपाटाही घातला होता. पण तेव्हा लग्नाला चौदा महिने झाले होते, वय एकोणीस, आणि नवरा असा की घरात पाऊल टाकलं की कोणाची तरी नक्कल सुरू. अशा माणसाची खोडी काढायला हात शिवशिवणारच.

बाजारहत्नूरला आमचं किराणा दुकान होतं, पुढे दुकान, मागे घर. हे आठवड्याला इंद्रवेल्लीच्या बाजारात माल घेऊन जात आणि येताना तिथली निम्मी माणसं तोंडातून घेऊन येत. तेलुगू बोलणारा कारकून, हिंदीत घासाघीस करणारा कापडवाला, सगळे माझ्या चुलीपुढे येऊन बोलून जायचे. चौऱ्याऐंशी सालच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हे खाटेवर घोरत होते. मी काजळाची डबी घेतली आणि त्यांना कानापर्यंत वळवलेली मिशी काढली.

उठले ते तसेच दुकानात जाऊन बसले. चार-पाच गिऱ्हाइकं झाल्यावर कोणाला तरी हसू आवरेना, तेव्हा त्यांना कळलं. मग सगळ्यांत जास्त तेच हसले आणि संध्याकाळपर्यंत त्या मिशीला पीळ देत बसले. हसल्या नाहीत त्या सासूबाई. त्यांनी पदर ओला करून लेकाचं तोंड खसाखसा पुसलं आणि मला म्हणाल्या, "झोपल्या मानसाचं तोंड रंगवू नाई, बाई. जीव हिंडाले गेलेला राह्यते. वापस आला अन् तोंड वळखू नाई आलं, त घुसन कुठी?"

चौथ्या दिवशी ताप आला. आमच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात ताप येणं ही काही सांगायची बातमी नव्हे, म्हणून आम्ही गोळ्यांवर दोन दिवस काढले. तिसऱ्या सकाळी हे हलवूनही उठेनात. भाड्याच्या जीपमध्ये घालून आदिलाबादला नेलं. डॉक्टर तेलुगू होते, मोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं की मलेरिया मेंदूत गेला आहे, आम्ही करायचं ते करतो. आणि त्यांनी केलं. आठ-दहा दिवसांनी यांनी डोळे उघडले. माझा जीव भांड्यात पडला. मी जवळ गेले तर माझ्याकडे बघून अगदी अदबीनं म्हणाले, "बाई, थोडं पानी द्या."

ही तुझी बायको, असं सासूबाईंनी सांगितलं. शेजारी नवीन राहायला आलेल्यांची ओळख करून दिल्यावर माणूस मान हलवतो, तशी यांनी हलवली.

दिवाळीपर्यंत सगळं नीट झालं, असं लोक म्हणतात. चालायला लागले, दुकानात बसायला लागले, आईला आई म्हणायला लागले. मागचं मात्र काही आठवलं नाही. नक्कल गेली. शिट्टी गेली. पूर्वी अंगातला सदरा कुठंही भिरकावणारा माणूस आता धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागला. कमी बोलत, आणि बोलत ते विचारून विचारून. मी एखादा जुना विनोद काढला की माझ्या तोंडाकडे बघत आणि मी हसले की मग हसत.

अंग तेच होतं. हनुवटीखालचा व्रण तोच, घोरणं तेच, मानेला येणारा वासही तोच. मी चोरासारखी तपासणी करायची. एखाद्या घराला कुलूप तेच असावं, किल्लीही लागावी, आणि आत दुसरंच बिऱ्हाड निघावं, तसं मला होई. बायका येऊन म्हणत, तुझं कुंकू बळकट. जिचा नवरा जातो तिच्याकडे लोक येऊन बसतात तरी, रडू देतात. माझा नवरा दुकानात बसून साखर बांधत होता. मी कोणापुढे रडणार होते? इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नाही, आणि ते सांगितलं असतं तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

सासूबाई तो काजळाचा विषय विसरल्या. विसरल्या नसतील तर तोंडावर आणला नाही. लेक वाचला यातच त्या सुखी होत्या आणि तशाच सुखात चार वर्षांनी गेल्या. त्यांचं वाक्य मात्र माझ्याजवळ राहिलं. मी दहावी शिकलेली, ताप डासानं येतो हे मला कळत होतं. तरी मनात हिशेब चालूच. जीव परत आला, तोंड ओळखीचं वाटलं नाही, म्हणून तो निघून गेला असेल, तर अजून कुठंतरी हिंडत असेल. मग या अंगात आहे तो कोण? की अंगच आपलंआपण चालतं, बैल घरची वाट धरतो तसं?

म्हणून मी एक करू लागले. रोज दुपारी जेवण करून हे खाटेवर पडले, डोळा लागला, की ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसून काढायची. कपाळ, डोळ्यांच्या कडा, ओठांवरची जागा तर दोनदा. आलाच तो फिरत फिरत, तर त्याला आपलं तोंड स्वच्छ दिसावं. हसू येतं ना? मलाही येई. पण एक दुपार चुकवली नाही.

मधल्या काळात आम्हाला मुलगी झाली. यांनी तिला अंगाखांद्यावर खेळवली, रात्रीची आजारपणं काढली. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, ते असते तर हिला किती हसवलं असतं. मेल्या म्हशीला मणभर दूध, तशातली गत. त्या चौदा महिन्यांत हाच माणूस एकदा दुकान उघडं टाकून सर्कस बघायला गेला होता आणि मी दिवसभर त्याच्या नावानं बोटं मोडली होती, हे मला कधी आठवायचंच नाही.

मुलगी आठ वर्षांची असेल. एका दुपारी मी फडकं भिजवून आत आले, तर ती काजळाची डबी घेऊन बापाच्या तोंडावर वाकलेली. बोट टेकणार इतक्यात मी तिच्या थोबाडीत दिली. आयुष्यात एकदाच मी तिला अशी मारली. पोरगी किंचाळत बाहेर पळाली. हे उठून बसले आणि विचारलं, काऊन मारलं?

मी सांगून टाकलं. मिशी, सासूबाईंचं बोलणं, ताप, सगळं. माझ्यामुळे ते गेले, असंही मी म्हणाले. आणि रोज तोंड का पुसते तेही सांगितलं. मोकळं होण्याच्या नादात आपण कोणापुढे बोलतोय याचं भान मला राहिलं नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग मी कोन होय?"

मी हातातलं फडकं पिळू लागले.

"अकरा वर्सं झाले. लोक त्याच्या गोष्टी सांगते, मी हासतो. म्या त्याले पाह्यलंबी नाई." खाटेवरून पाय खाली सोडत म्हणाले, "दुपारी मी झोपत नव्हतो. तू येतं, तोंड पुसतं, म्हून डोये लावून पडून राहत होतो. मले वाटे, हे माह्यासाठी होय."

एवढं बोलून ते दुकानात गेले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले तरी असते. मी हातात फडकं घेऊन रिकाम्या खाटेशी उभी राहिले आणि मला पहिल्यांदा लाज वाटली, मिशी काढल्याची नव्हे, त्यानंतरच्या प्रत्येक दुपारची. त्या घरात एकटी काय ती मीच, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते खाटेकडे आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. उन्हानं डोकं दुखायचं त्यांचं, तरी तसेच गल्ल्याशी बसून राहत. मी आतून बघत असे आणि उठून जायचा धीर होत नसे. आठवडा असा गेला.

मग एका दुपारी मी फडकं भिजवलं, पिळलं आणि दुकानात गेले. दोन बायका तेल घ्यायला आल्या होत्या. एरवी गिऱ्हाइकांसमोर मी यांच्या जवळही उभी राहत नसे. त्यांच्या शेजारी जाऊन मी त्यांच्या कपाळावर फडकं ठेवलं. बायका बघतच राहिल्या. मी कपाळ पुसलं, गाल पुसले, हनुवटी पुसली. त्यांनी डोळे मिटले नाहीत. मी पुसत होते आणि ते माझ्याकडे बघत होते.