गुप्ते फोन मोकळा ठेवतात

डोंबिवलीच्या हरिहर गुप्त्यांना निवृत्तीनंतर एकच खूळ लागलं होतं : सरकारने लिनक्स वापरावं. बाकीची माणसं निवृत्त झाली की गुडघे सांभाळतात, नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. गुप्ते मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत सीडी टाकून ठाण्याला जात आणि कुठल्यातरी साहेबाच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून राहत.

खुळाला कारण होतं. आयुष्यभर त्यांनी एका कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग सांभाळला. निवृत्त झाले आणि त्याच वर्षी बायको, शीला, गेली. मुलगी उत्तरा पुण्याला सासरी. संध्याकाळ झाली की घर खायला उठायचं. अशात एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट आली. जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलेलं सॉफ्टवेअर. कोणीही घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं. अडलं तर इंटरनेटवर प्रश्न टाकायचा, कुठल्यातरी देशातला कोणीतरी उत्तर द्यायचा. त्या मजकुराची सुरुवात ‘हॅलो हरिहर’ अशी असायची. एवढ्या प्रेमाने नाव घेणारं घरात आता कोणी उरलं नव्हतं. एवढी चांगली गोष्ट आपल्या लोकांना मिळत नाही, सरकार उगाच परदेशी कंपन्यांचे खिसे भरतं, असं त्यांना मनापासून वाटे.

साहेबलोकांना मात्र ‘फुकट’ या शब्दाचीच धास्ती. “फुकट म्हणजे खरेदी नाही. खरेदी नाही म्हणजे कोटेशन नाही. मग फाइल पुढे कशी सरकवू?” एका साहेबाने विचारलं. दुसऱ्याने “यात तुमचा फायदा काय?” असं विचारून गुप्त्यांकडे इतकं रोखून पाहिलं, की त्यांना स्वतःचाच संशय यायला लागला.

शेवटी अठ्ठ्याण्णव साली एका कचेरीत वैद्य मॅडम भेटल्या. हेमा वैद्य. तोंडाने फटकळ, पण ऐकून घेणारी बाई. म्हणाल्या, “हे बघा काका, मोठी खरेदी पुढच्या वर्षी होणारे. तोवर एका मशीनवर एक कंपनी आपलं चालवून दाखवतेय, दुसऱ्यावर तुमचं ते टाका, सगळ्यांच्या फाइली त्यात ठेवू. चाललं तर मी वर लिहिते. पण बंद पडलं तर?”

“मला फोन करा. उठून येतो,” गुप्ते म्हणाले. त्यांनी स्वतःच्या अक्षरात फोन नंबर लिहून तो मशीनवर चिकटवला. त्या दिवशी ते घरी आले ते उडतच.

आणि मग फोनची वाट बघणं सुरू झालं.

इंटरनेट फोनच्याच तारेवरून यायचं, ते लावलं की फोन अडकतो, म्हणून गुप्त्यांनी इंटरनेटच बंद केलं. न जाणो, नेमका तेव्हाच ठाण्याहून फोन यायचा! ‘हॅलो हरिहर’ही त्याबरोबर बंद झालं. उत्तराचा फोन आला की दोन वाक्यांत संपवत, “बरी आहेस ना? ठेव आता, कचेरीतून फोन यायचाय.” भाजी आणायला जायचं तेही कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीत. दिवाळीला उत्तराने पुण्याला बोलावलं, तर “मशीन नेमकं तेव्हाच पडलं म्हणजे?” म्हणून गेले नाहीत. एकट्यानेच अभ्यंगस्नान केलं, एकट्यानेच विकतची चकली खाल्ली आणि फोन उचलून कानाला लावून पाहिला, चालू आहे ना.

फोन चालू होता. फक्त वाजत नव्हता.

मधे एकदा जाऊन यावं, असं त्यांना वाटलं नाही असं नाही. पण गुप्त्यांच्या घरची रीत अशी, की बोलावल्याशिवाय कोणाच्या दारात उभं राहायचं नाही. काम मागायला जाणं वेगळं. काम मिळाल्यावर घिरट्या घालणं म्हणजे अविश्वास दाखवणं. लोकांना आपला त्रास होऊ नये, यासाठी हा माणूस इतका जपायचा, की लोकांना त्याची आठवण व्हायलाही काही कारण उरायचं नाही.

नव्या वर्षात पेपरात त्या कचेरीची जाहिरात आली. सगळ्या कॉम्प्युटरांसाठी त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं होतं. गुप्ते तसेच उठले आणि ठाण्याला गेले.

दारातून आधी दिसलं ते त्यांचं मशीन. कोपऱ्यात, धुळीने माखलेलं, मजेत चालू. मॅडम त्यांना बघून चपापल्याच. “अहो काका! बसा, बसा.” शिपाई महिपतला त्यांनी चहा सांगितला.

“मॅडम, मशीन बंद पडलं का?”

“नाही हो. एकदाही नाही. लाइट गेली तरी आल्यावर आपलं आपण उठतं.”

“मग?”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “त्या कंपनीचं मशीन महिन्यातून चारदा बसतं. त्यांचा माणूस येतो, तासभर खटपट करतो, साहेबांबरोबर चहा पितो. वरून विचारणा झाली, सेवा कोणाची चांगली? सगळे म्हणाले, तोच तर येतो बिचारा. तुमच्याकडून कोणी फिरकलंच नाही. सेवा उपलब्ध नाही, असं मीच लिहिलं.”

“पण ते बिघडलंच नाही, तर मी येऊ कशाला?”

“नुसतं यायचं हो! चहा प्यायला यायचं.”

“तुम्ही बोलावलं नाहीत.”

“इथे कोण कोणाला बोलावतं, काका?” त्या जरा चिडूनच म्हणाल्या. मग आवाज खाली आला. “आणि खरं सांगू? इतके महिने काही पत्ताच नाही. आम्हाला वाटलं...”

त्या थांबल्या. चहा ठेवायला आलेला महिपत ठाण्याजवळच्या बाळकुम गावचा, त्याला आडपडदा माहीत नाही. तो म्हणाला, “काका, आमाना वाटला, तुमी गेलाव.”

मॅडमनी महिपतकडे डोळे वटारून पाहिलं. गुप्त्यांनी कप उचलला आणि परत बशीत ठेवला.

“नाही,” ते म्हणाले. “घरीच होतो. फोनजवळ.”