शिरा काढलेली पानं

मद्रासच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो. मैलापूरच्या बसथांब्यापाशी एक म्हातारी विड्याची पानं विकत बसायची. अंगठ्याचं नख तिनं मुद्दाम वाढवलेलं. गिऱ्हाइकाशी भांडता भांडता ती पान उलटं करी आणि पाठीवरच्या शिरा त्या नखानं अशा सोलून काढी, की पानाला पत्ता लागत नसे. तिच्या मानेवरच्या शिरा मात्र तट्ट फुगलेल्या असत.

प्राचार्य माझा तास बघायला येणार होते. विषय, पानांतला शिराविन्यास. आदल्या दिवशी मी तिला मोडक्या तमिळमध्ये बजावलं, "उद्या वर्गातल्या मुलांना द्यायचीत. चाळीस पानं चांगली निवडून ठेव."

सकाळी तिनं केळीच्या पानात बांधलेला पुडा दिला. मी तो थेट प्राचार्यांसमोरच उघडला. चाळीसच्या चाळीस पानांच्या शिरा सोललेल्या!

संध्याकाळी मी तिच्यावर शिरा ताणून ओरडलो. मास्तरांना तिकडे वाद्यार म्हणतात. ती शांतपणे म्हणाली, "वाद्यार, पोरं कोवळी. शिरा दातात अडकल्या तर थुंकून टाकतील. म्हणून सोपं करून दिलं."

कॉलेजात माझ्या नोट्सची ख्याती होती, ती याच गुणासाठी.