गोळ्यांची घासाघीस

अंबडच्या बाजारात माझ्याविषयी एक गोष्ट सांगतात. भांडेवाली बाई डॉक्टरशी घासाघीस करायला गेली आणि मरता मरता वाचली. सांगणारे हसतात, ऐकणारे हसतात आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक माझ्या दुकानात येऊन हंड्यामागे शंभर रुपये सोडा म्हणून गयावया करतात. गोष्ट खोटी नाही. पण ती पहिल्यांदा बाहेर पडली ती माझ्या थोरल्या जावेच्या तोंडून, आणि तिने त्यातला स्वतःचा वाटा सफाईने गाळला. म्हणून मीच ती सगळी लिहून ठेवते आहे.

हे दुकान मला कुणी आंदण दिलेलं नाही. वीस वर्षांपूर्वी मी घनसावंगीकडच्या गावांतून डोक्यावर पाटी घेऊन फिरत होते. जुने कपडे घ्यायचे, स्टीलचं भांडं द्यायचं. जावेचं माहेर तिकडचंच, गोदाकाठचं, उसाचं. माझी पाटी तिच्या माहेरच्या गल्लीतून गेली त्या दिवशी ती सासूपुढे म्हणाली, "घ्या, आता आपल्या घरात बोहारीण आली." पाटीची पुढे हातगाडी झाली, हातगाडीचं दुकान झालं. आता तिच्या माहेरची माणसंसुद्धा लग्नाची भांडी माझ्याकडून नेतात. तो शब्द मात्र मी विसरलेले नाही. जाऊबाई रोज दुपारी दुकानात येऊन बसते, चहा पिते आणि माझ्या गल्ल्याजवळच्या खुर्चीकडे बघते. मी चार दिवस आडवी पडावी आणि तिने त्या खुर्चीत बसावं, ही तिची जुनी हौस आहे.

धंद्यात माझा एक नियम आहे. समोरच्याला आपली गरज कळू द्यायची नाही. ठोक व्यापाऱ्याला कळलं की बाईला उद्याच माल पाहिजे, तर बाई संपली. ह्याच नियमावर मी उभी राहिले आणि ह्याच नियमाने मी गेल्या लग्नसराईत आडवी झाले.

माळ्यावरून तांब्याची घागर काढताना स्टूल सरकलं. घागर वाचली, माझं डावं मनगट गेलं. डॉक्टर मॅडमनी फोटो काढला. हाडाला चीर. प्लास्टर घालून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काकू, दुखतंय किती? दहापैकी सांगा."

नऊ होतं. मी म्हणाले, "चार."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. चार दुखणाऱ्या बाईच्या कपाळावर एवढा घाम नसतो, हे त्यांना कळत असणार. त्या म्हणाल्या, "ही गोळी लिहून देते. दिवसातून तीन वेळा, एकच, जेवणानंतर. पाच दिवस, त्याच्या वर नाही. ह्या एका गोळीत दोन औषधं आहेत. दोघं मिळून काम करतात, म्हणून दोन्ही थोडी थोडी पुरतात. वरून दुसरी दुखण्याची, तापाची, सर्दीची कुठलीच गोळी मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. गुंगी येईल. स्कूटी चालवायची नाही."

"पाच दिवस लई झाले, मॅडम. दुकान हाय, लग्नाचा सीझन हाय. दोन-दोन घेते, तीन दिवसात मोकळी करा."

"काकू, ही काय वांगी आहेत?"

"बरं, तुमचं न्हाई माझं न्हाई, चार दिवस."

त्या हसल्या. इथेच मला वाटलं की सौदा जमला. हसणारा माणूस अर्धा खाली आलेला असतो, हा माझा बाजारातला अनुभव. दवाखान्याला तो लागू नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

मग त्यांनी विचारलं, "आधी कधी कावीळ? पोटात अल्सर? फिट येतात? दुसरी औषधं चालू आहेत?"

"काहीच न्हाई."

दोन वर्षांपूर्वी मला कावीळ झाली होती. महिनाभर उसाच्या रसावर आणि मुळ्यावर काढला होता. पण ते सांगितलं की रक्त तपासा, पोटाचा फोटो काढा, असं लफडं वाढत जातं. गरज दाखवली की भाव वाढतो.

खाली मेडिकलवाल्याने पंधरा गोळ्या कात्रीने कापून कागदाच्या पुडीत घातल्या. नाव कुठल्या तुकड्यावर राहिलं, त्याचं त्याला ठाऊक. मी दोन-दोन घेत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी पुडी संपत आली तर त्याने चिठ्ठी न बघता आणखी दहा दिल्या. मला सर्दी झाली होती, तर सर्दीच्या वेगळ्या दिल्या. अंग कसकसतंय म्हणाले तर तापाची एक वरून दिली. गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं, हा त्याचा धर्म. मीसुद्धा दुकानदार आहे, पण फुटकी कळशी मागितली म्हणून मी कुणाला फुटकी कळशी दिलेली नाही.

आणि भेटायला येणारे. आमच्याकडे दुखणाऱ्या माणसाला रिकाम्या हाताने भेटत नाहीत. पूर्वी मोसंबी आणायचे, आपला जिल्हाच मोसंबीचा. आता घरात उरलेल्या गोळ्या आणतात. कुणाच्या दाढेच्या उरलेल्या, कुणाच्या नवऱ्याच्या कंबरेच्या. फुकटचं वैद्यकी दान. मोसंबीला पैसे पडतात. सगळ्यांना मी दारातूनच वाटेला लावलं, एकीला सोडून. जाऊबाईने रुमालाच्या गाठीतून सहा गोळ्या काढल्या.

"घे. माझ्या गुडघ्याच्या हायत्या. लई भारी. एक घेतली की मी जिना चढून राह्यले बघ पळत."

"डॉक्टरनी दुसरी घेऊ नको म्हणलंय."

"डॉक्टरचं काय जातंय? तू घरी पडून राह्य मंग, मी बसते दुकानात. गल्ल्याची किल्ली तेवढी दे."

किल्लीचं नाव निघालं आणि मी गोळ्या घेतल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. तिला वाटलं असेल, मी तिचं ऐकलं. मी तिची खुर्ची हुकवत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी अंकुशनगरची एक पार्टी आली, मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला. माझ्या डोळ्यांपुढे ताटं हलत होती. मुलीची आई म्हणाली, "मावशी, घागरीचं बराबर लावा." आणि मी, जिने कुणाला पाच रुपये सुटे सोडले नाहीत तिने, तांब्याची घागर पितळेच्या भावात देऊन टाकली. वर हसले म्हणे. जाऊबाई तिथेच चहा पीत होती. नंतर ती गावभर सांगत सुटली, "डोळे असे झाल्ते तिचे, झोपलेल्या म्हशीवानी." गुंगी येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते फक्त स्कूटीपुरतं धरलं. गुंगीत सौदा करू नये, हे मला एका घागरीने शिकवलं.

चौथ्या दिवशी सकाळी उलट्या सुरू झाल्या. उजव्या बरगडीखाली जड दुखायला लागलं, अन्नाचा वास सोसवेना. आमचे हे कारखान्यात पाळीवर. मग मला दवाखान्यात कोण नेणार? तीच. रिक्षात बसवताना तिचा हात माझ्या पाठीवर होता आणि तोंड चालू होतं, "सांगितलं होतं, दुकानात जाऊ नको, सांगितलं होतं."

डॉक्टर मॅडमनी आधी एकच गोष्ट केली. "जे जे घेतलंत ते सगळं इथे टेबलावर ठेवा." मी पिशवी उलटी केली. माझ्या कापलेल्या तुकड्यांचं नाव त्यांनी त्यांच्या चिठ्ठीवरून लावलं. सर्दीचं पाकीट उलटून मागची बारीक अक्षरं वाचली, तापाचं वाचलं. जावेच्या सुट्या गोळ्या हातात घेऊन विचारलं, "ह्या कशाच्या?"

"पिवळ्या," जाऊ म्हणाली.

"ते दिसतंय. नाव काय?"

तिने पर्समधून अख्खं पाकीट काढलं. मॅडमनी तेही वाचलं आणि चारही वस्तूंवर बोट ठेवत गेल्या. "माझ्या गोळीत पॅरासिटामॉल. ती तुम्ही दुप्पट घेतलीत. सर्दीच्यात पॅरासिटामॉल. तापाची म्हणजे निव्वळ पॅरासिटामॉल. आणि ह्या पिवळीतसुद्धा तेच, वर आणखी एक दुखण्याचं औषध, जे पोट जाळतं. धडधाकट माणसानेसुद्धा सगळं मिळून दिवसाला चार ग्रॅमच्या वर जायचं नसतं. कालची तुमची बेरीज त्याच्या वर जाते."

मला उलटीपेक्षा ह्याचाच जास्त राग आला. एकाच कारखान्याचं ताट तीन स्टिकरं लावून तीन भावांत विकायला आलेल्या व्यापाऱ्याला मी नुसत्या वजनावरून पकडून हाकललेलं आहे. आणि इथे चार नावांखाली एकच माल मी गिळत होते, पाकीट उलटं करून न बघता.

मॅडमनी माझी खालची पापणी ओढून बघितली. "काकू, परत विचारते. कावीळ कधी झाली होती?"

"न्हाई."

सवय. मरायला टेकलेली बाई भाव धरून बसली होती.

आणि माझ्या मागून आवाज आला, "अगं न्हाई काय? दोन वर्षांखाली झाल्ती की! मीच न्हेल्तं तुला औषध बांधायला. डोळे हळदीवानी झाल्ते तुझे."

मॅडमच्या हातातला पेन थांबला. मग त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "आता मला कळलं की मी कुणाला औषध दिलं होतं. आधी कळलं असतं तर लिव्हर तपासून मग गोळी ठरवली असती. तीन वेळाही दिली नसती." त्यांनी सगळ्या गोळ्या बंद केल्या, रक्त काढलं, सलाईन लावलं आणि सांगितलं, रिपोर्टमध्ये लिव्हर फार सुजलेलं निघालं तर तुम्हाला इथून थेट जालन्याला मोठ्या दवाखान्यात हलवायचं.

रिपोर्ट संध्याकाळपर्यंत यायचा होता. तोवर मी सलाईनचे थेंब बघत पडले. जाऊ बाजूच्या स्टुलावर बसून राहिली. दुकान बंद होतं, लग्नसराईतला मोठा मुहूर्त दोन दिवसांवर, आणि मला पहिल्यांदा वाटलं की बसू दे तिला खुर्चीत, फक्त हा कागद चांगला येऊ दे.

चांगला नाही, बरा आला. लिव्हरचे आकडे वाढले होते, पण हाताबाहेर गेले नव्हते. रात्रभर दवाखान्यात ठेवलं, पुन्हा रक्त तपासलं, मग घरी सोडलं. आठ दिवस झोपून राहायचं, आपल्या मनाने एकही गोळी नाही, हात गळ्यात बांधून उंच ठेवायचा. गंमत अशी की पाचव्या-सहाव्या दिवशी मनगटाचं दुखणं आपसूक निम्म्यावर आलं. पाच दिवस एकेक गोळी घेऊन जे झालं असतं तेच. मॅडमनी मला आधीच योग्य भाव सांगितला होता. घासाघीस करून मी तो वाढवून घेतला.

ते आठ दिवस जाऊबाई माझ्या खुर्चीत बसली. दुकान मी धरून चालले होते तेवढं बुडवलं नाही. पण प्रत्येक गिऱ्हाइकाला तिने चहासोबत माझी गोष्ट पाजली. तिची पिवळी गोळी त्या गोष्टीत कुठेच नव्हती. "मी कावीळ सांगितली म्हणून जगली," एवढं मात्र होतं. आणि हेच माझ्या घशाखाली उतरत नाही. ते खरं आहे. मला बोहारीण म्हणणारं तोंड त्या दिवशी बंद राहिलं असतं तर मॅडमनी भलतंच काही दिलं असतं. जिने गोळ्या दिल्या तिनेच वाचवलं. मी तिला गोळ्यांबद्दल माफ केलेलं नाही, आणि वाचवल्याबद्दल तर अजिबात नाही.

मी परत दुकानात बसले तर बायका भाव करताना म्हणायच्या, "मावशी, आज गोळी घेतली का? मंग घागर दाखवा."

"न्हाई घेतली. भाव तोच हाय. पाहिजे तर जावेकडे जा, ती गोळ्या फुकट वाटते."

दिवाळीनंतर एका दुपारी जाऊबाई गाल सुजवून दुकानात आली. दाढ काढली होती. हातात कापलेल्या गोळ्यांची पुडी.

"दोन औषधाची हाय म्हणे एकात. लई ठणकून राह्यलंय गं. दोन घेऊ का एकदम?"

मी गिऱ्हाईक सोडलं. "पर्स इकडं दे."

"कशाला?"

"दे म्हणते ना."

पर्समधून पिवळं पाकीट निघालं, सर्दीचं निघालं, बीपीचं निघालं. मी ती काउंटरवर ओळीने मांडली, तिच्या पुडीशेजारी.

"दाताच्या डॉक्टरला बीपीची गोळी सांगितली का? पिवळी चालू हाय, ते सांगितलं?"

"त्यानं विचारलं न्हाई."

"त्यानं विचारलं न्हाई अन् तू सांगितलं न्हाई. लाव फोन. पाकिटावरची नावं वाचून दाखव त्याला, रंग सांगू नको."

"आता? लोकायसमोर?"

"लोकायला माझी गोष्ट सांगताना लाज न्हाई वाटली. लाव."

फोन पहिल्यांदा लागला नाही. तिला उभं राहवेना, गाल धरून ती माझ्या खुर्चीत बसली. मी तिला उठवलं नाही. पिवळं पाकीट तिच्यापुढे उलटं करून धरलं, बारीक अक्षरं वर येतील असं, आणि ती पुन्हा नंबर लावेपर्यंत उभी राहिले. गल्ल्याची किल्ली माझ्या कमरेला होती.