उपाशीपोटी आखणी

आमचे शेजारी हिरामणभावजी कारखान्यात गणपतीच्या मूर्तींमध्ये बसले, की आलेल्या गिऱ्हाइकाने आधी नमस्कार कुणाच्या पोटाला करावा, असा प्रश्न पडायचा. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणायची आणि तेही हसायचे. निदान या श्रावणापर्यंत हसायचे.

हमरापुरात जगनशेठच्या कारखान्यात मूर्ती कुणीही रंगवो, डोळ्यांची आखणी भावजींच्याच हातची. उन्हाळ्यात त्यांना सारखी तहान लागायला लागली, म्हणून पेणच्या डॉक्टरांकडे गेले, तर साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, वजन हळूहळू उतरवा, सपाट रस्त्याने बेताने चाला, आणि गोळी घेतली की वेळेवर खा.

चालणं भावजींनी मनावर घेतलं. गळ्यात टॉवेल, पायात मुलाचे जुने बूट.

"काय भावजी, कुत्रं लागलंय काय पाठी?"

"हसा वैनी, हसा. दिवाळीला माझी कंबर बघून तुमीच जळाल."

पण खाण्याचं मात्र त्यांनी कानाआड केलं. त्यांच्या घरात आखणी उपाशीपोटी करायची रीत. देवाला नजर द्यायची, तर आधी आपल्या पोटात काही जाऊ द्यायचं नाही. बापाने तसंच केलं, यांनीही तसंच केलं. फरक एवढाच, की बापाला सकाळी गोळी घ्यावी लागत नव्हती.

श्रावणात आखणी सुरू झाली आणि एके दिवशी त्यांची बायको पुतळी माझ्या दारात आली. आवाज अगदी खाली.

"वैनी, यांचा हात थरथरतो. काल एका मूर्तीचं बुबुळ वाकडं गेलं. पुसून परत काढलं. शेठला सांगू नका हां."

"मी कुणाला सांगते गो?" म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी निमूट देवाची शपथ घेतली. आणि खरंच कुणाला बोलले नाही, कारण मलाही भीती वाटली होती. हात गेला तर भावजींकडे दुसरं काय होतं?

त्यांनी मनाशी ठरवलं, साखर हातात उतरली, वजन अजून झपाट्याने कमी करायला हवं. रात्रीचं जेवण सोडलं. चालायचे ते धावायला लागले. गाल बसले, हात जास्तच कापायला लागला. माझी थट्टा तोंडातच राहायला लागली.

मी त्याच कारखान्यात मूर्तींचे पीतांबर रंगवते, पुतळी मुकुट. एका सकाळी भावजींच्या हातातून ब्रश पडला. अंग घामाने भिजलेलं, बोलणं तोतरं. जगनशेठने चहाचा ग्लास पुढे केला, तर पुतळीने तो उडवून लावला.

"साखर वाढली त्यांची! गोड नाय द्यायचं!"

मी डॉक्टरांना फोन लावला. ते ओरडलेच. "गिळता येतंय ना? मग साखरपाणी पाजा, आत्ताच्या आत्ता!"

"अवो, इख पाजू मी त्यांना?" पुतळी रडत होती. मीच पाणी ढवळलं, तिने डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाजलं. बऱ्याच वेळाने भावजींनी डोळे नीट उघडले आणि विचारलं, "सगळी माझ्याभवती का जमलीत?"

टेम्पोतून पेणला नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हाताला काही झालेलं नाही. गोळी घेऊन उपाशी बसलात, वर धावलात, म्हणून साखर पार खाली गेली.

परतताना भावजी एवढंच म्हणाले, "म्हंजे हात टिकवायचा तर रीत सोडायची." जगनशेठने स्टिअरिंगवरूनच ऐकवलं, "उद्या बघतो. नाय जमलं तर दुसरा आखणीवाला आणतो. मूर्ती थांबायच्या नाय."

सकाळी भावजी कारखान्याच्या पायरीवर मूर्तींकडे पाठ करून बसले. फडक्यात नाचणीची भाकरी.

"बा काय म्हनला असता गो?"

"काय म्हनायचं ते मला म्हनतील. तुमी जेवा," पुतळी म्हणाली.

एकेक घास त्यांनी औषधासारखा गिळला. चूळ भरली, हात धुतले, मूर्तीपुढे बसले. ब्रश उचलला, परत ठेवला. परत उचलला. मी बघायला पुढे झुकले.

"वैनी, उजेड अडवू नका."

मी सरकले. ब्रश टेकला आणि पापणीची रेघ एका दमात, न थरथरता उतरली. दुसरा डोळा अजून बाकी होता. पुतळी पदर तोंडाशी धरून तशीच उभी राहिली.